सुक्या हाताचा आकडा

मी चार लाख ओहम आहे. नाव-गाव नंतर. कंधारच्या त्या घरात मला आधी हा आकडा मिळाला आणि मग वरची खोली.

नोकरी नवीकोरी होती. तिथल्या एका आयटीआयमध्ये ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ शिकवायला मी लातूरहून आले होते. हा विषय म्हणजे घरातलं सावत्र पोर. फिटरची मुलं म्हणायची, कानस घासायला गणित कशाला? इलेक्ट्रिशियनची मुलं म्हणायची, आमचं गणित मीटरच घेतात. मीटर म्हणजे काय हे मला आधी कळेना. मग एकदा व्हरांड्यातून एक उंच, वाळके गृहस्थ येताना दिसले. कपाळावर भस्माचे पट्टे, पायात जाड रबरी तळव्याचे बूट, खांद्याला झोळी आणि झोळीतून लोंबणाऱ्या दोन वायरी, एक तांबडी, एक काळी. “मीटर आलं रे,” कुणीतरी कुजबुजलं आणि अख्खा व्हरांडा पँटीला हात पुसायला लागला.

हे आमचे इलेक्ट्रिशियन ट्रेडचे सर. हात पुसण्याचं कारण मला त्याच संध्याकाळी समजलं, कारण खोली शोधत मी नेमकी त्यांच्याच दारात जाऊन उभी राहिले. सरांनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि ‘या’ म्हणायच्या ऐवजी टॉवेल पुढे केला.

“हात पुसा म्याडम. कोरडे करा.”

मला वाटलं घरात सोवळंओवळं असेल. पुसले. मग त्यांनी झोळीतून पिवळा मल्टिमीटर काढला, बटण फिरवलं आणि वायरींची दोन टोकं माझ्या दोन मुठींत दिली. “घट्ट धरा. भ्या नका, आत नुसती बॅटरी हाय.”

परक्या गावात खोली हवी असली की माणूस काय वाटेल ते धरतो. मी धरलं. सर पडद्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. तोंड न वळवता त्यांनी आत हाक मारली, “अगं, इकडं ये.” आतून काकू आल्या, हात ज्वारीच्या पिठानं माखलेले.

“चार,” सर म्हणाले.

काकूंनी मला केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं. “पुन्ना बगा.”

“बगितलं. चारच हायत.”

“मंग वरची खोली द्या तिला,” काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. भाडं, पाणी, माझी जात, माझं लग्न, काहीही कुणी विचारलं नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा ते तसं दाखवत. दूधवाला साडेसहा. आमचे प्राचार्य अडीच, “घामट मानूस”. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दहा, कारण त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेले. काकू तीन, सर स्वतः पाच, मी चार. सगळे लाखांत. “चार, जेवला का?” असं ते जिन्याखालून विचारत. सुरुवातीला मला राग यायचा, मग इतकं अंगवळणी पडलं की एकदा बँकेत नाव विचारल्यावर मी ‘चार’ म्हणता म्हणता जीभ चावली.

गणिताची बाई म्हणून सांगते, हा शुद्ध वेडेपणा होता. माणसाच्या अंगाचा विजेला होणारा रोध काही आधारकार्डावर छापून येत नाही. घाम आला, थंडी पडली, टोक जरा जोरात दाबलं की आकडा सरकतो. तो रोज तोच येतो म्हणणाऱ्याला मी पहिल्या चाचणीत नापास करीन. पण त्या घरात तो तोच यायचा. मी स्वतः पाहिलं आहे. सकाळी चार, उन्हातून आल्यावर चार, तापानं फणफणले होते तेव्हाही चार. त्यानंतर मी पडद्याकडे पाहणंच सोडून दिलं. काही गोष्टी तपासत बसल्या की झोप उडते.

वर्गात मात्र हा माणूस सोन्यासारखा शिकवायचा. ओहमचा नियम ते फळ्यावर लिहीत नसत. एका मुलाला उभं करायचे, टोकं धरायला लावायचे आणि आकडा आला की म्हणायचे, “आता घरातले दोनशे तीस व्होल्ट लाव सवताला. भाग.” मुलगा दोनशे तीस भागिले चार लाख असं काहीतरी करायचा. “सर, अर्ध्या मिलिअँपिअरच्या जरा वर.” “म्हंजी मुंगी चावली. आता हात बुडव.” पाण्याची बादली तयारच असे. ओल्या हातांचा आकडा लाखांतून घसरून हजारांत यायचा. “आता भाग.” भागाकार पुढे सरकेल तसा मुलाचा खडू अडखळायचा. उत्तर लिहून झालं की सर त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. “हे तुजं मरन. सवताच्या हातानं काढलंस, आता इसरू नको. अन् सुक्या हाताच्या आकड्यावर बी भरवसा ठिवू नको. तो ह्या बॅटरीपुरता खरा. खऱ्या करंटाम्होरं कातडं फसवतंय.” आमची मुलं पुढे नांदेड, हैदराबाद, पुणे कुठं कुठं पांगली. पण ओल्या हातानं स्विचला हात लावणारं त्यांच्यात एकही नसेल, हे मी पैजेवर सांगते.

एकदा मुलांचा घोळका माझ्याकडे आला. सरांनी त्यांना साठ वॅटच्या जुन्या बल्बचा रोध मोजायला लावला होता. तो आला पासष्ट ओहम. “म्याडम, व्होल्टचा वर्ग भागिले रोध केला तर आठशे वॅट येऊन राहिलेत. बल्बावर तर साठ लिहिलंय.” मी सूत्र तपासलं, भागाकार तपासला. दोन्ही बरोबर. मग स्टाफरूममध्ये सरांनाच विचारलं.

“गार बल्ब मोजला त्यांनी,” सर म्हणाले. “पेटून तार पांढरी झाली की रोध तेरा-चौदापट होतंय. गार वस्तूचं माप घिऊन जित्या वस्तूचा हिशेब करू नाही, म्याडम.”

मी हसले. सर हसले नाहीत.

त्यांचा सगळ्यात आवडता प्रयोग साखळीचा. मुलांना हातात हात धरून ओळीनं उभं करायचं, दोन्ही टोकांच्या मुलांच्या मोकळ्या हातांत मीटरच्या वायरी द्यायच्या. आधी एकेकाचा आकडा घ्यायचा, मग साखळीचा, आणि बेरीज ताडून बघायची. “सिरीजमधी जितके जन वाढतील तितका रोध वाढनार. आता एकानं हात सोडा.” कुणीतरी हात सोडायचा. स्वस्त मीटरची एक खोड असते. सर्किट तुटलं की पडद्याच्या डाव्या कडेला नुसता एकचा आकडा उभा राहतो, बाकी सगळं कोरं. “एकटा एक दिसला,” सर सावकाश म्हणायचे, “की समजायचं, पल्याड कुनी न्हाई.” हे वाक्य म्हणताना ते मुलांकडे बघत नसत, दाराकडे बघत.

माझी खोली छान होती. पूर्वेला खिडकी, खिडकीतून दूरवर किल्ल्याचा बुरूज. भिंतीवर आरसा होता आणि आरशाच्या कडेला कुणाच्या तरी जुन्या टिकल्या चिकटवलेल्या, मरून रंगाच्या. मी त्या काढल्या नाहीत, उगाच काच चिकट होते. माझीही टिकली मी रात्री तिथंच लावायला लागले. एका सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि त्यातली माझी कोणती ते मला ओळखू येईना.

रोज दिवेलागणीला खालून सरांचा आवाज यायचा. “बारा.” एवढंच. मग काकूंचा एक सुस्कारा, आणि मग कुकरची शिट्टी, टीव्हीवरच्या बातम्या, घर चारचौघांसारखं सुरू. मला वाटायचं दोघं पत्ते खेळत असतील.

ते काय होतं हे मला काकूंनी सांगितलं. रविवारची दुपार होती, आम्ही दोघी सोप्यात तुरीची डाळ निवडत होतो. मी सहज म्हणाले, “काकू, रोज बारावर डाव कसा संपतो तुमचा?”

काकूंचा हात सुपात थांबला. “डाव न्हाई बाई तो. पोरगी हाय आमची.”

मग त्या डाळ निवडत निवडतच बोलल्या. मुलगी नांदेडला कॉलेजला जायची, एसटीनं. घरातून बाहेर पडणाऱ्याचं माप घ्यायची सरांची रीत, आणि मुलीला तर ती लहानपणापासून सवयीची. तिचा आकडा चार. “त्या दिवशी जेवून हात धुतले अन् गाडीची येळ झाली. हात वले. हे म्हनले, पूस अन् माप दे. हसली. म्हनली, आल्यावर देते, बाबा. अन् पळाली.”

“मग?”

“कंधारच्या ष्टँडावर चढताना लोकांनी बगितली. वाटंत लोह्याला गाडीत बसलेली बगितली. खिडकीपाशी होती म्हने. नांदेडला उतरताना मातर कुनीच बगितली न्हाई.” काकूंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “पोलिसांनी हिरी उपसल्या. ह्यांनी हैद्राबादपसवर पालथं घातलं. न लगीन लावलं, न माती दिली. म्या काय करायचं सांग?”

माझ्या हातातली डाळ सुपात परत गेली.

“आता हिशेब बग. म्या तीन, हे पाच. दोघांनी हात धरला तर किती व्हायला पायजेत? आठ. बारा येतात. रोज. म्हंजी ती हाय. जिती हाय. कुठं का असंना, आमच्या हातात हात हाय तिचा. ज्या दिवशी आठ येतील त्या दिवशी समजायचं.” आणि त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या, जणू बाजारभाव सांगितला.

अंगावर काटा आला हे कबूल करते. पण काटा आला म्हणून भौतिकशास्त्र बदलत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना स्टाफरूममध्ये एकटं गाठलं. दोन माणसांनी हात धरला की दोन तळव्यांच्या मध्ये कातडीला कातडी टेकते, त्या सांध्याचाही रोध असतो, तो बेरजेत मिळतो. चार लाख जास्तीचे येतात ते त्या सांध्याचे. हे मी त्यांना, ज्यांनी मला बल्ब समजावला होता त्यांना, समजावून सांगितलं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. “मला ठावं हाय म्याडम. मीच शिकवतो ते पोरांना. पन वर्गात हात धरले की बेरीज बराबर जुळती. सांधा तितं बी असतोच की. मंग माज्या घरात तो चारच कामून? साडेतीन न्हाई, पाच न्हाई.” मग म्हणाले, “अन् एक इनंती हाय. काकूचा हात धरून मीटर कदी धरू नका. तुमचाबी आकडा चारच. मिसळलं की कोन हाय अन् कोन न्हाई, कळायचं न्हाई.”

मला तेव्हा वाटलं, आणि पुढेही बरीच वर्षं वाटत होतं, की सर बनाव करत होते. काकूंना मीटरवरचे इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. पडद्यावर काहीही येवो, सर ‘बारा’ म्हणत असणार, आणि त्या एका शब्दावर ती बाई दुसऱ्या दिवशीची भाकरी थापायला उभी राहत होती. एवढं सुंदर खोटं बोलणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही, असं माझं मत होतं.

काकू दिवसेंदिवस माझ्यात गुंतत गेल्या. डोक्याला तेल, ताटात शेंगाची चटणी, उशीर झाला की जिन्यात उभ्या. मी आईपासून लांब राहणारी, मला ते आवडायचं. फक्त कधी कधी त्या मला अशा काही आठवणी सांगायच्या, ‘तू लहान असताना’ अशी सुरुवात करून, आणि मी दुरुस्त करायच्या आत पुढे जायच्या.

सर एकदा परीक्षेच्या कामासाठी नांदेडला गेले होते. दुपारी मी आयटीआयमधून आले तर काकू सोप्यात मीटर घेऊन बसलेल्या. टॉवेल मांडीवर.

“ये. बस.”

“काकू, सरांनी नको म्हटलंय.”

“त्येंनी म्हनलं. म्या न्हाई म्हनलं.” त्यांनी माझे हात ओढून घेतले, पुसले. मला हात काढून घेता आला असता. पण काकूंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की नाही म्हणणं म्हणजे ताटावरून उठवणं झालं असतं. एक टोक त्यांच्या मुठीत, एक माझ्या. मोकळे हात एकमेकींच्या हातात. त्यांचा तळवा खरखरीत आणि गार होता.

“किती?”

मी वाकून पाहिलं. सातशे किलोओहम. “सात लाख, काकू.”

“सातच?”

“तुमचे तीन, माझे चार. बरोबर आहे की.” मला सुटल्यासारखं झालं होतं. जास्तीचं काही नव्हतं. बेरीज बेरजेसारखी आली होती.

काकूंनी मात्र टोक खाली ठेवलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरून त्या रडायला लागल्या. “जास्तीचं न्हाई आता. आली म्हंजी. आली तू.”

त्या संध्याकाळी सर परतले. दिवेलागणीला मी वर कान देऊन बसले होते. मग सरांचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटेना.

“आठ.”

मग सर ओरडले. त्या घरात मी पहिल्यांदाच आवाज चढलेला ऐकला. “आठ आले! गेली ती! गेली!”

आणि काकूंचा आवाज, अगदी समजावणीचा, लहान मुलाला सांगावं तसा. “गेली न्हाई वो. आली. वर हाय.”

मी दाराला कडी लावली. दिवा चालू ठेवून बसले. जिन्यावर कुणी आलं नाही, पण कुणीतरी येईल असं सारखं वाटत होतं आणि आलं तर कुठल्या नावानं हाक मारील याची भीती होती. आरशाकडे मी पाठ केली.

सकाळी सर खाली उभे होते. भस्म लावलेलं नव्हतं. “म्याडम, रागावू नका. खोली सोडा. तुमचा दोष न्हाई. पन तुमी हाय तवर ही पोरीची वाट बगायची न्हाई, अन् हिनं वाट बगितली न्हाई तर ती येनार कशी?”

मी चिडले. असल्या कारणासाठी कुणी कुणाला घराबाहेर काढतं का? तणतणत सामान बांधलं. काकू दारात आल्या नाहीत. रिक्षात बसताना सरांनी टॉवेल पुढे केला, सवयीनं. घरातून बाहेर पडणाऱ्याचं माप. मी रागानं म्हणाले, “आता नको, सर.” आणि त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मी मुकाट्यानं हात पुसले आणि टोकं धरली. “चार,” ते म्हणाले. “जावा. सांभाळून जावा.”

एसटी स्टँडजवळ दुसरी खोली घेतली. आठवडाभर सर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके सकाळी हजेरीपटावर सही करताना शेजारी येऊन उभे राहिले आणि पुटपुटले, “बारा.” वर बघितलं तर डोळे भरलेले. मीही म्हणाले, “बरं झालं, सर.” आणि खरंच बरं वाटलं, राग-लोभ सगळा गेला. म्हटलं, या माणसानं पुन्हा ते खोटं बोलायचं बळ गोळा केलं.

पुढे माझी बदली लातूरला झाली. लग्न झालं, मुलं झाली, तोच विषय, तेच भागाकार. सरांचा दर दिवाळीला फोन यायचा. कसे आहात वगैरे नाही. “बारा हायत म्याडम,” म्हणायचे, आणि ठेवायचे. नवरा हसायचा, तुझे बारा वाजवणारा कोण हा? मी त्याला कधी नीट सांगितलं नाही. वर्गात बल्बचं गणित आलं की मी मुलांना सरांचं वाक्य सांगायची, गार वस्तूचं माप घेऊन जिवंत वस्तूचा हिशेब करू नये. ते मला फार शहाणं वाक्य वाटायचं.

मग एका दिवाळीला फोन आला नाही. कंधारच्या जुन्या शिपायाला विचारलं तर म्हणाला, “मीटर गेले की म्याडम. जेवून खुर्चीत टेकले ते उठलेच न्हाईत.” त्यांच्यात बसवून माती देतात. तशी दिली होती. काकू एकट्याच राहत होत्या, दिसणंही जवळजवळ गेलेलं.

मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. दिवेलागणीची वेळ, पण सोप्यात दिवा नव्हता. काकूंना त्याची गरज नसावी. त्या चटईवर बसल्या होत्या. एका मुठीत तांबडं टोक, काळं जमिनीवर पडलेलं, आणि दुसरा हात शेजारी रिकाम्या हवेत पुढे केलेला. मांडीवर मीटर चालू होता. पडद्याच्या डाव्या कडेला एकटा एक.

“कोन हाय?”

“मी, काकू. चार.”

त्यांचा पुढे केलेला हात माझ्या आवाजाच्या दिशेनं वळला. “ये. वाचायला कुनीच न्हाई गं. रोज धरती म्या, पन किती आले कोन सांगनार?”

मी दिवा लावला, त्यांच्याजवळ बसले. आधी त्यांनी माझं एकटीचं माप घ्यायला लावलं. चारशे. इतक्या वर्षांनी, दोन बाळंतपणांनंतर, चारशेच. मग त्यांनी पदरानं माझे हात पुन्हा पुसले, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. काळं टोक माझ्या हातात दिलं. मोकळे हात आम्ही एकमेकींच्या हातात दिले. आकडा काहीही येवो, आपण ‘सात’ म्हणायचं, हे मी दारातच ठरवलं होतं. सातवर ही बाई एकदा सुखानं रडली होती. सर एवढी वर्षं खोटं बोलले, मला एक दिवस बोलायला काय हरकत होती?

मीटर मी माझ्या मांडीवर घेतला आणि पाहिलं.

बाराशे किलोओहम.

मला आधी वाटलं टोक सुटलं. घट्ट धरलं. बाराशे. एक आकडा मागे-पुढे झाला नाही. सर खोटं बोलत नव्हते, हे मला पहिल्यांदा कळलं, आणि त्याच्या मागोमाग बेरीज आपोआप झाली, कारण बेरजेशिवाय मला दुसरं काही येत नाही. काकूंचे तीन. माझे चार. राहिले पाच.

पाच कुणाचे हे मला विचारायला नको होतं. पाच आमच्या साखळीत बसले होते. आणि पाच तर मातीत बसलेले होते. म्हणजे जास्तीचा येतो तो जिवंत असतो म्हणून येत नाही. मग रोजच्या दिवेलागणीला ते चार, ज्यांच्यावर या दोघांनी सगळं आयुष्य काढलं, ज्यांच्यासाठी सरांनी मला घराबाहेर काढलं, ज्यांची बातमी मला दर दिवाळीला फोनवर मिळायची, ते चार लोह्याच्या पुढे कधी गेलेच नव्हते.

“किती?” काकूंनी विचारलं.

‘बारा’ म्हटलं असतं तर ही बेरीज त्यांनीही केली असती. वजाबाकी त्यांची माझ्यापेक्षा पक्की होती. पुढचं पाऊल टाकायला त्यांना माझ्याइतकाही वेळ लागला नसता. ठरवलेला शब्द सोपा होता. माझ्या हाताला आता घाम यायला लागला होता. आकडा तरीही हलला नाही.

“सात,” मी म्हणाले.

“सातच?”

“सातच, काकू. आपण दोघीच.”

काकूंनी डोळे मिटले. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, डोक्यावरचा भारा उतरावा तसं.

“आलीस म्हंजी,” त्या म्हणाल्या. “लई उशीर केलास गं. आल्यावर देते म्हनली होतीस. माप राहिलं होतं बग तुजं.”